आधी चालणं कापतात

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल मी काही गोड लिहीन अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्यांनी इथेच थांबावं. समोर मी त्याला भाऊजी म्हणते, अहोजाहो करते, त्याच्या चहात साखर कमी घालते. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार. एवढी मोकळीक मला आता हवी आहे.

तो जन्मभर एका टीव्ही चॅनेलमध्ये नोकरीला होता. काम सिनेमे कापण्याचं. आपल्याला वाटतं, टीव्हीवर सिनेमा लागतो म्हणजे कुणीतरी बटण दाबतं आणि तो लागतो. तसं नसतं. आधी जाहिराती बसवायच्या, मग उरलेल्या जागेत सिनेमा कोंबायचा, आणि मावत नसेल तर कापायचा. ऑफिसात त्याला सगळे 'कात्री' म्हणायचे आणि तो त्यावर खूश असायचा. "बघणाऱ्याला कळता कामा नये," जेवता जेवता सांगायचा. "कळलं तर ते कापणं नाही, फाडणं." कापण्याची त्यांची रीत ठरलेली होती. गाणं कापलं तर लोक फोन करतात. मारामारी कापली तर शिव्या घालतात. बोलणं कापलं तर गोष्ट कळत नाही. म्हणून आधी चालणं कापतात. माणूस गाडीतून उतरला की थेट खोलीत खुर्चीवर बसलेला दाखवायचा, मधला रस्ता, अंगण, जिना सगळं गायब. "चालण्यात काय असतं?" तो म्हणायचा. "पोचला एवढं कळलं की झालं."

आणि माझी ताई चालण्याचंच काम करायची.

ती आवाजाच्या स्टुडिओत होती. सिनेमातली माणसं चालतात तेव्हा त्यांच्या पावलांचे आवाज नीट टिपले जात नाहीत, ते मागाहून वेगळे भरावे लागतात. स्टुडिओतल्या एका खोलीत जमिनीत चौकोनी खड्डे होते. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या. समोर पडद्यावर नटी चालायची आणि तिच्यावर डोळे लावून ताई खड्ड्यात जागच्या जागी चालायची. नटीच्या पायात जे असेल तसलंच काहीतरी ताईच्या पायात. एक पेटीभर जोडे तिने जमवले होते, कुणी टाकून दिलेले, कुणी सैल झालेले, सगळे आवाजासाठी. मोठमोठ्या नट्या माझ्या बहिणीच्या पायांनी चालल्या आहेत. शेवटी नावं येतात त्यात हिचं नाव तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. तेही चॅनेलवाले दाखवत नाहीत, तिथे ते उद्याच्या मालिकेची जाहिरात लावतात.

आमच्या घराण्यात एक खोड आहे. डावी टाच टेकायला आम्ही किंचित उशीर करतो. वडील तसे चालायचे, ताई तशी चालायची, मी अजून चालते. बघणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. आम्ही जिना चढून आलो की आई आतूनच विचारायची, "कोण आलं, थोरली की धाकटी?" जन्म देणाऱ्या बाईला आम्हा दोघींची पावलं ओळखता यायची नाहीत, इतकी सारखी. ताई कितीही नटीसारखी चालली तरी ती टाच कुठेतरी डोकावायची आणि ध्वनिमुद्रक तिला चिडवायचा, "बाई, आज पुन्हा तुम्हीच चाललात."

ताईचा हा नवरा तेव्हा चॅनेलच्या टेपा घेऊन त्या स्टुडिओत यायचा. दाराबाहेर थांबून त्याने आधी तिची पावलं ऐकली, मग ती दिसली. लग्नात हे त्याने आल्यागेल्याला ऐकवलं. "आधी मला पावलं आवडली, मग माणूस." लोकांनी काय कौतुक केलं! मीही केलं. तेव्हा मला अक्कल नव्हती.

पुढची काही वर्षं बरी गेली असावीत. मुलगी झाली. ताई दमून घरी यायची, पाय गरम पाण्यात घालून बसायची, आणि हा पेपर वाचत म्हणायचा, "आज किती मैल?" तो विनोद होता. रोजचा तोच विनोद कसा लागतो ते ज्याचं त्याला माहीत.

मग तो जिन्याचा सिनेमा आला. त्यात एक बाई आहे, तिने एका माणसाला वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेलं असतं. एका संध्याकाळी तो परत येऊन खाली दार वाजवतो. बाई वरच्या मजल्यावर मान वर करते. उठते. आणि सबंध लाकडी जिना उतरून खाली येते. बोलणं नाही, संगीत नाही. कॅमेरा तिच्या पाठीवर आहे, चेहरासुद्धा दिसत नाही. दार उघडायचं की नाही हे तिच्या फक्त पावलांत ऐकू यायला हवं, असं दिग्दर्शकाने ताईला सांगितलं होतं. ताई त्या एका जिन्यासाठी आठवडाभर चालत होती. पाय सुजले. दिग्दर्शकाने शेवटी तिला सांगितलं की आज नटीसारखं नको, तुम्ही चालता तसंच चाला, ती टाच राहू द्या. ताईने हे मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा मी बघितलाय. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामावर दुसरा कुठला आवाज पडणार नव्हता.

थिएटरात तो सिनेमा आला तसा गेला. आमच्यापैकी कुणाला बघायला मिळाला नाही, ताईलाही नाही, कारण मुलगी आजारी होती. पण चॅनेलने नवीन एचडी सुरू केलं आणि पहिल्या काही सिनेमांत तो लागणार असं ठरलं. आम्ही सगळे आईच्या घरी जमलो. आईने शेजारणींना बोलावलं. हा ऑफिसातून धापा टाकत वेळेवर पोचला आणि ताईच्या शेजारी बसला. पडद्यावर त्या माणसाने दार वाजवलं. बाईने मान वर केली. आणि पुढच्याच क्षणी ती खाली दार उघडत होती.

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. एका शेजारणीने विचारलं, "मग, तुझं कुठाय?"

ताई त्याच्याकडे वळली. "कुणी कापलं?"

"मावत नव्हतं," तो म्हणाला. "आधी चालणं कापतात, तुला माहितीये. सगळ्यांचं कापायचं आणि बायकोचं ठेवायचं, असं कसं करणार?"

ताई सिनेमा संपेपर्यंत बसली, शेजारणींना दारापर्यंत सोडून आली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या घरात मोजे घालून वावरायला लागली. जाड लोकरीचे मोजे, उन्हाळ्यातसुद्धा. स्टुडिओत चालायची, रस्त्यावर चालायची, माझ्याकडे आली की टाच आपटत चालायची. त्याच्या घरात मात्र तिचा पाय वाजला नाही. ती कधी स्वयंपाकघरात गेली, कधी मागे येऊन उभी राहिली, त्याला कळायचं नाही, तो दचकायचा. भांडण नाही, अबोला नाही. माझी भाची त्या घरात वाढली, तिला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच चालतात.

मी एकदा ताईला म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "त्याला चालण्यात काही नसतं ना? मग काही गेलं नाही त्याचं." ताईचा राग असा होता. माझा भडकतो आणि विझतो, तिचा मंद आचेवर राहायचा.

मोज्यांतच ती आजारी पडली आणि मोज्यांतच गेली. फुप्फुसाचं दुखणं होतं, फार दिवस चाललं नाही.

त्यानंतर या गृहस्थाला डिस्क घेण्याचा नाद लागला. निवृत्त झाला होता, वेळ होता. ताईची आतली खोली त्याने रिकामी केली, खिडक्यांना जाड पडदे लावले, भिंतींना सतरंज्या ठोकल्या, समोर भलामोठा पडदा, चहूबाजूंनी स्पीकर. भिंतभर कप्पे आणि कप्प्यांत निळ्या डब्यांतल्या डिस्क. ताईने ज्या ज्या सिनेमात काम केलं तो प्रत्येक सिनेमा त्याला हवा होता. आतून कडी लावून हा बसायचा, कुणी बेल वाजवली तर उठायचा नाही. लोक म्हणायचे, बायकोवर किती जीव. मेल्या म्हशीला मणभर दूध! ताईला म्हैस म्हटल्याबद्दल ती मला वर गेल्यावर सोलून काढील, पण म्हण चपखल बसते त्याला मी काय करू?

आता खोलीकडे येते, कारण भांडण खोलीचं होतं. माझ्या भाचीची बदली याच गावात झाली. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. पदरात चालायला लागलेली पोर. ऑफिस बापाच्या घरापासून जवळ. तिने बापाकडे ती खोली मागितली. तो म्हणाला, "त्या खोलीचं सोडून बोल." भाची माझ्या दुकानात येऊन रडली. मी शिवणकाम करते, दुकानात चार मशिनी आहेत.

"मावशी, तूच बोल. बाबा तुला घाबरतात."

"घाबरत नाहीत गं, टाळतात. जाते मी."

मी फोन केला तर त्याने मलाच दिवस आणि वेळ सांगितली. शनिवारी दुपारी ये, म्हणे. गेले. दार उघडून तो पुढे झाला आणि मी मागून निघाले, तेव्हा चालता चालता तो मध्येच थांबला. मान न वळवता नुसता थांबला. मग पुन्हा चालायला लागला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

"सगळे सिनेमे आता टीव्हीवर लागतात," मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. "तेही एचडी. माझ्या दुकानात दिवसभर चालू असतो, एकेक रंग डोळ्यांत भरतो. मग ही अडगळ कशाला? तुमची नात कुठे झोपणार, बाल्कनीत?"

"बस," तो म्हणाला.

त्याने टीव्ही लावला. चोरांचा कसलातरी सिनेमा चालू होता. तो लागणार हे बघूनच मला शनिवार सांगितला होता, एवढा पाताळयंत्री. माणसं बोगद्यातून चालली होती. अंधार होता, पण अंधाराचे चौकोन चौकोन पडले होते, न्हाणीघराच्या फरशीसारखे, आणि ते जागच्या जागी हलत होते. वर कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का. खाली मालिकेची पट्टी सरकत होती. तेवढ्यात जाहिरात लागली आणि साबणवाली बाई इतक्या मोठ्यानं ओरडली की माझा हात कानावर गेला.

"हे तुझं एचडी," तो म्हणाला. "खोटं कुणी बोलत नाही. ठिपके मोजले तर भरतात. पण एका नळातून पंधरा चॅनेल सोडायचे, मग एकेकाला धार केवढी येणार? मग दाबतात. काय दाबतात? जे कुणाच्या लक्षात येत नाही ते. अंधार दाबतात. हळू आवाज दाबतात. मोठे तेवढे राहतात."

"आणि हे दाबणारे कोण होते?"

"आम्हीच. म्हणून तर सांगतोय."

मग त्याने तोच सिनेमा डिस्कवर लावला, तोच बोगदा. खरं तेच सांगते, तिथे मघाशी जो नुसता काळा चौकोन होता तिथे एक माणूस उभा होता. टोपी घातलेला, भिंतीला टेकलेला, सगळं ऐकत. टीव्हीवर तो नव्हताच. शिक्का नाही, पट्टी नाही, साबणवाली नाही. आणि कुठेतरी लांब पाणी ठिबकत होतं, ते माझ्या उजव्या खांद्यामागे ऐकू येत होतं.

"छान आहे," मी म्हटलं. "पण माझ्या दुकानात सिनेमा लागला की आम्ही चौघी एकदम बघतो, एकदम हसतो. घरोघरी तेव्हा तोच चालू असतो, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांशी बोलायला विषय मिळतो. तुमच्या डिस्कबरोबर कोण हसतं?"

त्याने सिनेमा पुढे नेला. एक बाई रिकाम्या दवाखान्यात लांबलचक बोळातून चालत होती. फरशीवर पावलं. उजवं, आणि मग, जरासं थांबून, डावं.

ती माझ्या मागून आली, बाजूने गेली आणि समोरच्या दारात शिरली. चार वर्षं झाली होती तिला जाऊन.

"टीव्हीवर हा बोळ नाहीये," तो म्हणाला. "मीच काढलाय. पण डिस्क कंपन्या मूळ सिनेमावरून काढतात, आमच्या कापलेल्यावरून नाही. इथे सगळं आहे. ती जितकी चालली तितकी सगळी आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "जिवंत होती तेव्हा कान कुठे होते?" मी म्हटलं. "मीही कात्री चालवते, भाऊजी. पण कापण्याआधी गिऱ्हाइकाला विचारते, आणि शिवणीत आत कापड सोडते. उद्या उसवून सैल करायचं झालं तर करता यावं म्हणून. तुम्ही कधी विचारलंत तिला?"

तो डिस्क डब्यात ठेवत होता. बराच वेळ ठेवत होता.

"जिन्याचा सिनेमा डिस्कवर येतोय," शेवटी म्हणाला. "पुढच्या महिन्यात. तेवढा एकदा या खोलीत ऐकू दे. याच स्पीकरवर, दार लावून. मग खोली तुमची. पोरीला सांग, मी स्वतः रिकामी करून देतो."

"शब्द?"

"शब्द."

मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, एक महिना काढीन मी. ती मैत्रिणीच्या घरी एका गादीवर पोरीला घेऊन राहिली.

डिस्क आली त्या दिवशी त्याचा फोन आला. त्याने मला फोन करावा हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ये," म्हणाला. "तिची चाल ओळखणारं दुसरं कोण उरलंय?" भाचीही आली, पोरीला घेऊन. पोर बाहेरच्या खोलीत झोपली. आम्ही तिघं आत बसलो. त्याने शर्ट बदलला होता, दाढी केली होती. मी खुर्चीत बसून मनात वाक्यं जुळवत होते. त्याला ती पावलं ऐकू आली की काय बोलायचं, कुठे दुखेल असं बोलायचं, हे मी रिक्षात ठरवून आले होते. तेवढ्यासाठीच आले होते म्हणा ना.

सिनेमा देखणा होता. आईच्या टीव्हीवर बघितलेला तो हाच यावर विश्वास बसेना. भिंतीचा पोपडा मोजता यावा, त्या बाईच्या बाहीचं उसवलेलं टोक दिसावं. माझं लक्ष जायचंच तिथे. जिना दिसला, लाकडी, मधे झिजलेला. तो पुढे सरकून बसला. भाचीने माझा हात धरला.

खाली दार वाजलं. बाईने मान वर केली.

आणि ती खाली दार उघडत होती.

त्याने रिमोट उचलून सिनेमा मागे नेला. दार वाजलं, मान वर, दार उघडलं. पुन्हा मागे नेला. मान वर, दार. मान वर, दार. भाची म्हणाली, "बाबा, डिस्कच खराब असेल. बदलून घेऊ."

"खराब नाही," तो म्हणाला. "हे मीच कापलेलं आहे."

मग त्याने तो डबा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि माझ्या हातात दिला. सिनेमाची मूळ रिळं गोदामात सडली होती. ही डिस्क चॅनेलकडच्या एचडी टेपवरून काढली होती. तेवढीच एक चांगली प्रत जगात उरली होती.

"पण तुम्ही तर दुसरी प्रत काढून तिच्यावर कापता ना?" भाची म्हणाली. "मूळ तसंच ठेवता."

"तीच रीत आहे. जन्मभर पाळली." तो पडद्याकडे बघत होता, तिथे ती बाई दार अर्धं उघडून थांबवलेली होती. "त्या दिवशी नाही पाळली. प्रत काढायला तासभर गेला असता. तुम्ही सगळे आजीकडे जमणार होता. मला तिच्या शेजारी बसून बघायचा होता. म्हणून मूळ टेपवरच कापलं आणि पळत सुटलो."

मी जुळवून आणलेली वाक्यं माझ्याकडे होती. एकही बोलले नाही. त्याची कीव आली म्हणून नव्हे. त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर माझ्या वाक्यांना काही कामच उरलं नव्हतं, आणि त्याचासुद्धा मला राग आला. इतकी वर्षं मी धार लावून ठेवलेलं त्याने स्वतःच वापरून टाकलं.

शब्द मात्र त्याने पाळला. आठवड्याच्या आत खोली रिकामी केली. मदतीला मी गेले, नाहीतर भाचीच्या अंगावर सगळं पडलं असतं. पडदे उतरले, सतरंज्या निघाल्या, भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली. डिस्क खोक्यांत भरून त्याने माळ्यावर टाकल्या. "ठेवा की बाहेर, टीव्हीखाली," भाची म्हणाली. तो म्हणाला, "नको." सगळ्यात खालच्या कप्प्यामागे ताईची जोड्यांची पेटी निघाली. त्याने झाकण उघडलं, बघितलं, लावलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. पेटी भाचीकडे दिली.

संध्याकाळी खोलीत पोरीचा पाळणा लागला. खिडकी किती दिवसांनी उघडली होती, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत आला. पोर रिकाम्या फरशीवर धावत सुटली. भाची बऱ्याच दिवसांनी हसताना दिसली. मी ज्याच्यासाठी भांडले ते सगळं मिळालं होतं. मी पिशवी उचलली, निघते म्हटलं.

तो दारापर्यंत आला. पोचवायला तो कधी येत नाही. मी लिफ्टच्या बटणाकडे हात नेला.

"जाताना लिफ्ट नको," तो म्हणाला. "जिन्यानं जा."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. जिन्याकडे बघत होता. मला कळलं. त्या शनिवारी तो मध्येच का थांबला होता तेही आत्ता कळलं. वर चौथा मजला, खाली दार, आणि मधे सबंध जिना. आई हयात असती तर आतून विचारलं असतं, थोरली की धाकटी.

वाईट वाटलं मला. दगड नाही मी. म्हातारा झालाय, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात लावलेलं होतं. माझं काय जाणार होतं, पाच मिनिटं नेहमीसारखं चालायचं. रोज चालतेच. पण मला ताईचे मोजे आठवले. उन्हाळ्यातले, जाड, लोकरीचे, दोरीवर वाळत घातलेले.

"बरं," मी म्हटलं.

पहिल्या वळणावर, त्याला मी दिसेनाशी झाले तिथे, मी वाकून चपला काढल्या. हातात घेतल्या आणि अनवाणी उतरले, कठड्याला धरून, हळूहळू, एकेक पायरी. खाली फाटकापाशी येऊन चपला घातल्या. वर दार लावल्याचा आवाज अजून आला नव्हता.